गव्हाचं ‘मटण’: सेतानबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मैदा किंवा कणीक पाण्यात धुतल्यावर जे चिवट ग्लूटेन उरतं, त्याचे पदार्थ करणाऱ्या आणि करू पाहणाऱ्या वाचकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी समजेल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घरात कुणाला सीलिअ‍ॅक (ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी असेल, तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १३ वाचा.

१. सेतान म्हणजे नेमकं काय? त्यात सोयाबीन असतं का?

सोयाबीन अजिबात नसतं. सेतान गव्हाचंच. पिठात स्टार्च सगळ्यात जास्त असतो आणि त्याच्या जोडीला थोडं प्रोटीन. त्यातली ग्लायडिन आणि ग्लूटेनिन ही दोन प्रोटीनं पाणी लागून मळली गेली की एकमेकांत गुंततात आणि त्यांचं जाळं होतं. तेच ग्लूटेन. चपाती लाटताना कणीक ताणली जाते ती ग्लायडिनमुळे आणि परत आखडते ती ग्लूटेनिनमुळे. मळलेला गोळा पाण्यात धूत राहिलं की स्टार्च पाण्याबरोबर निघून जातो आणि ग्लूटेनचा लगदा हातात राहतो. तो मसालेदार पाण्यात शिजवला किंवा वाफवला की सेतान तयार. दाताखाली तो मांसाच्या जवळ जातो, कारण त्यात तंतू असतात. पनीर किंवा टोफूत ते नसतात.

२. हे परदेशी फॅड आहे का? आपल्याकडे असं काही खाल्लं जायचं का?

‘सेतान’ हे नाव अलीकडचं आहे. मॅक्रोबायोटिक (अख्खं धान्य आणि भाज्यांवर भर देणाऱ्या) आहाराचे जपानी प्रचारक जॉर्ज ओसावा यांनी ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केलं. पदार्थ मात्र शेकडो वर्षांपूर्वीचा आहे. चीनमध्ये त्याला म्येनचिन म्हणतात आणि बौद्ध मठांच्या शाकाहारी स्वयंपाकात त्याला मानाची जागा आहे. शांघायकडे त्याचाच आंबवून वाफवलेला, स्पंजसारखा प्रकार करतात. जपानमध्ये तो ‘फू’ या नावाने सुपात पडतो. युरोपात इटलीतल्या बोलोन्याचे शास्त्रज्ञ याकोपो बेक्कारी यांनी १७२८ मध्ये पीठ धुऊन त्यातला चिकट भाग वेगळा करून दाखवला, पण तो प्रयोग म्हणून, जेवण म्हणून नाही.

आता आपल्याकडे या. माळव्यात ‘चक्की की शाक’ आणि मारवाडात ‘चक्की की सब्जी’ करतात. कणीक धुवायची, उरलेलं ग्लूटेन उकडायचं, त्याच्या वड्या कापून तळायच्या आणि दह्याच्या मसालेदार रश्शात सोडायच्या. इंदूर-देवासकडच्या मराठी वाचकांना हे नवीन नाही. उरलेल्या महाराष्ट्रात आपण अर्ध्या वाटेपर्यंत येऊन थांबलो. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढतो तेव्हा स्टार्च ठेवून घेतो, आणि ग्लूटेनचा बराच भाग चोथ्याबरोबर बाहेर जातो. त्या चोथ्याच्या कुठे भुसवड्या होतात, कुठे तो गुरांपुढे जातो. सेतान म्हणजे या कामाची दुसरी बाजू.

३. ताई, घरी मैद्यापासून करायचं असेल तर सगळं नीट सांगा.

अर्धा किलो मैदा, पाव चमचा मीठ आणि साधारण पाऊण पेला पाणी असं सुरुवातीला घ्या, मग लागेल तसं वाढवत पुरीच्या कणकेइतका घट्ट गोळा मळा. आठ-दहा मिनिटं जोर लावून मळायचं, इथे कंटाळा करून चालत नाही. गोळा पातेल्यात ठेवून बुडेल इतकं पाणी घाला आणि तासभर विसरून जा.

मग त्याच पाण्यात गोळा चुरायला लागा. पाणी दुधासारखं पांढरं होईल. ते दुसऱ्या भांड्यात ओता (प्रश्न ६ साठी लागणार आहे) आणि नवं पाणी घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला गोळा फुटतो, त्याची लक्तरं होतात आणि सगळं वाहून चाललंय असं वाटतं. बहुतेक जण नेमके इथेच हात टेकतात. थांबू नका. खाली चाळणी धरा, निसटलेले तुकडे परत गोळ्यात दाबा आणि चोळत राहा. चौथ्या पाण्याच्या आसपास ती लक्तरं आपोआप एकमेकांना धरायला लागतात. गोळ्याचा रंग पांढऱ्याचा करडा-पिवळसर होतो, पृष्ठभाग गुळगुळीत न राहता दोऱ्यादोऱ्यांचा दिसतो आणि बोटांनी ताणला तर तुटायच्या ऐवजी परत मागे येतो.

पाणी अगदी नितळ होईपर्यंत धुवायची गरज नाही. ताकाच्या निवळीइतकं गढूळ राहिलं की थांबा, कारण थोडा स्टार्च राहिला तर सेतान मऊ होतं. गोळा चाळणीत अर्धा तास निथळू द्या. अर्ध्या किलोतून १३०-१५० ग्रॅम ओलं ग्लूटेन मिळतं, दोघांच्या भाजीपुरतं.

शिजवण्याआधी गोळ्याची लांब पट्टी ओढा, तिला पीळ द्या आणि दोन गाठी मारा. तंतू एका दिशेने यायला याची मदत होते. आलं, लसूण, तमालपत्र, मिरी, मीठ आणि थोडं चिंचेचं पाणी घातलेल्या रश्शात मंद आचेवर ४५ मिनिटं ते एक तास ठेवा. रसाला फक्त बारीक बुडबुडे यायला हवेत. त्याच रसात गार करा, जमलं तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी कापा.

४. मैदा घरात आणत नाही. कणकेचं होईल का? खपली, बन्सी चालेल?

कणकेचं होतं, माळव्यात ते पूर्वापार होतंच. मात्र कोंड्याचे कण ग्लूटेनचे धागे कापतात, म्हणून गोळा जास्त फुटतो, धुवायला जास्त वेळ लागतो आणि हाती कमी येतं. आधी कणीक बारीक चाळून घ्या आणि धुताना चाळणीवर सुती फडकं टाका. लोकवन किंवा सिहोरचं ताजं दळण चांगलं चालतं. बन्सीत प्रोटीन भरपूर असतं, पण त्याचं ग्लूटेन ताणलं जाण्याऐवजी तुटतं. खपलीच्या वाट्याला जाऊ नका, तिचं ग्लूटेन इतकं दुबळं असतं की सगळं चाळणीतून निघून जातं.

खपलीत ग्लूटेन दुबळं असतं, याचा अर्थ ते नसतं असा नाही. सीलिअ‍ॅक असलेल्यांनी हे लक्षात ठेवायलाच हवं (प्रश्न १३).

५. बेकरीच्या सामानाच्या दुकानात ग्लूटेन पावडर मिळते. ती वापरली तर?

वेळ वाचतो आणि दर वेळी सारखंच जमतं. ते धुऊन, वाळवून दळलेलं ग्लूटेनच असतं. मी त्यात नेहमी बेसन घालते. १५० ग्रॅम पावडरीला चार मोठे चमचे बेसन, मीठ, तिखट, धने-जिरेपूड आणि एक चमचा तेल. हे कोरडंच नीट मिसळून घ्या आणि मग १८०-२०० मिलिलिटर पाणी एकदम ओता. गोळा क्षणात धरतो. मिनिट-दीड मिनिट मळलं की पुरे, जास्त मळलं तर चामडं होतं. पुढचं शिजवणं प्रश्न ३ प्रमाणेच, किंवा मोदकपात्रात अर्धा तास वाफवा. बेसनामुळे पोत मऊ होतो आणि प्रोटीनचा दर्जाही सुधारतो. तो का, हे प्रश्न ८ मध्ये आहे.

६. धुतलेलं पांढरं पाणी टाकून द्यायचं का?

मुळीच नाही. तो चीकच आहे. सगळी पाणी एका पातेल्यात जमा करा, रात्रभर हलवू नका. सकाळी वरचं पिवळसर पाणी ओतून दिलं की तळाला घट्ट पांढरा चीक राहतो. मीठ-हिंग घालून शिजवा आणि वर तेल घेऊन खा, किंवा दूध-साखरेबरोबर. कुरडया घालायच्या असतील तर त्याही होतात, फक्त तीन दिवस भिजवलेल्या गव्हाची आंबूस चव त्यात नसेल. उन्हाळ्यात पातेलं फ्रिजमध्येच ठेवा, नाहीतर सकाळपर्यंत वास येतो. हे पाणी मोरीत ओतू नका. स्टार्च पाइपात बसतो.

७. पाकिटावर १०० ग्रॅमला ७५ ग्रॅम प्रोटीन लिहिलंय. घरच्या सेतानमध्येही तेवढंच असतं?

नाही. ७५ हा कोरड्या पावडरीचा आकडा आहे. ओल्या ग्लूटेनचं जवळपास दोन तृतीयांश वजन पाण्याचं असतं आणि शिजताना ते आणखी पाणी पितं. त्यामुळे शिजलेल्या १०० ग्रॅम सेतानमध्ये प्रोटीन साधारण २० ते २५ ग्रॅम धरा. किती धुतलं आणि किती पाणी प्यायलं यावर ते बदलतं.

बाकी त्यात स्निग्धांश नावापुरता असतो, कोलेस्टेरॉल शून्य आणि फायबर जवळजवळ नाहीच, कारण कोंडा गेलेला असतो. मीठ तुम्ही रश्शात घालाल तेवढं.

८. ‘गव्हाचं प्रोटीन अपूर्ण असतं’ म्हणतात. मग सेतान खाऊन फायदा काय?

फायदा आहे, पण अट आहे. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

प्रोटीन अमायनो आम्लांचं बनलेलं असतं आणि त्यातली काही शरीराला अन्नातूनच मिळवावी लागतात. लायसिन त्यांतलं एक. मोठ्या माणसाच्या अन्नात प्रत्येक ग्रॅम प्रोटीनमागे साधारण ४५ मिलिग्रॅम लायसिन असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मानक सांगतं. ग्लूटेनमध्ये ते १५ ते २० च भरतं. उलट तूर, मसूर, हरभरा यांत ते ६५-७० च्या आसपास असतं आणि दुधात त्याहून थोडं जास्त. धान्यात जे कमी, ते डाळीत भरपूर, म्हणून वरण-भात आणि पिठलं-भाकरी ही पोषणाच्या हिशोबात पक्की जेवणं आहेत.

आता ६० किलो वजनाच्या माणसाचा दिवस बघू. त्याला रोज साधारण ५० ग्रॅम प्रोटीन आणि १८०० मिलिग्रॅम लायसिन हवं. १०० ग्रॅम कणकेच्या चपात्यांतून लायसिन ३०० मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. ६० ग्रॅम कोरड्या डाळीच्या वरणातून सुमारे ८८०. दीडशे ग्रॅम दह्यातून ३९०. त्यात ९० ग्रॅम सेतान, म्हणजे २० ग्रॅम प्रोटीन, आणखी ३५० देतं. बेरीज १९०० च्या वर जाते. प्रोटीनही जवळपास ५० ग्रॅम होतं. दिवस पूर्ण.

पण याच माणसाने ‘आज सेतान आहे ना, मग डाळ कशाला’ म्हणून वरण वगळलं, तर लायसिन १०५० च्या आत येतं. दहीही नसेल तर साडेसहाशेवर. पोट भरतं, प्रोटीनचा आकडाही फार वाईट दिसत नाही, आणि शरीराला जे हवं ते मिळतच नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच की सेतान डाळीच्या जागी कधीही ठेवू नका, डाळीच्या शेजारी ठेवा. दोन्ही एकाच घासात हवीत असं नाही, दिवसभराची बेरीज जमली की झालं. माळव्याची भाजी दह्यात शिजते, त्यामुळे तिथे हा हिशोब थोडाफार ताटातच होतो.

जिमला जाणाऱ्यांना वेगळं उत्तर नाही. प्रोटीन जास्त हवं असेल तर सेतानबरोबर डाळ, दूध, सोयाही त्याच प्रमाणात वाढवा.

९. पनीर, टोफू, सोया चंक्स आणि सेतान, यात सगळ्यात चांगलं कोणतं?

नुसत्या प्रोटीनच्या दर्जावर गेलात तर सेतान शेवटी येतं. पनीर आणि सोया दोन्ही लायसिनला पुढे आहेत. सोया चंक्सच्या पाकिटावरचा ५० च्या पुढचा आकडाही कोरड्याचाच असतो, भिजल्यावर तो १५-१७ वर येतो. पनीरमध्ये प्रोटीनइतकाच किंवा जास्त स्निग्धांश असतो. टोफू हलका, पण लवकर मोडतो.

सेतान जिंकतं ते चावण्यात. ज्यांनी मटण सोडलं आहे आणि ज्यांना त्या चावण्याचीच आठवण येते, त्यांचं समाधान पनीरने होत नाही, सेतानने होतं. एकच निवडायची सक्ती कुणी केली आहे? आलटून पालटून करा.

१०. बी-१२ आणि लोह मिळतं का? मांसाऐवजी खायचं म्हणून विचारते.

बी-१२ अजिबात नाही. दूध-दहीही खात नसाल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, त्याला घरगुती पर्याय नाही. लोह थोडं मिळतं. कोरड्या ग्लूटेनच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे एका वेळच्या सेतानमध्ये दीडच्या आसपास. बायकांची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार २९ मिलिग्रॅम आहे. शिवाय वनस्पतींमधलं लोह मांसातल्या लोहाइतकं सहज शोषलं जात नाही. वर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका.

११. माझं दर वेळी रबरासारखं होतं. कधी स्पंजासारखं फुगतं. काय चुकतंय?

स्पंज झाला तर आच मोठी होती. खळखळून उकळलं की गोळ्यात पाणी शिरून तो फुगतो आणि आत पोकळ्या राहतात. आच कमी करा, झाकण थोडं तिरकं ठेवा. रबर झालं तर तीन शक्यता आहेत: स्टार्च शेवटच्या थेंबापर्यंत धुतला, पावडरीचा गोळा जास्त मळला, किंवा शिजल्या शिजल्या गरमच कापलं. बेसन घाला आणि रात्रभर गार होऊ द्या, बराच फरक पडतो. पावासारखं लागत असेल तर धुणं कमी पडलंय. गव्हाचा कच्चट वास येत असेल तर रश्शात चिंच किंवा एक चमचा व्हिनेगर घाला.

कुकरमध्ये घाई करू नका. कुकर वापरायचाच असेल तर शिट्टी काढून नुसतं वाफवा.

१२. मॅरिनेट केलं तरी चव आत जात नाही. रस्सा कोणता करू?

सेतानचा पोत दाट असतो. त्यामुळे दह्यात कितीही ठेवलं तरी चव वरच्या थरापुढे फारशी जात नाही. ती आधीच आत असायला हवी, म्हणजे पीठ भिजवताना मसाला घाला (पावडर असेल तर) किंवा शिजवायचा रस्सा जोरदार ठेवा. गंमत अशी की ग्लूटेन खमंग चव देणाऱ्या ग्लूटामिक आम्लाने भरलेलं आहे. १८६६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल रिटहाउजन यांनी ते आम्ल पहिल्यांदा गव्हाच्या ग्लूटेनमधूनच वेगळं केलं, आणि १९०९ पासून जपानमध्ये विकलं गेलेलं अजिनोमोटो सुरुवातीला ग्लूटेनपासूनच बनत होतं. पण अख्ख्या प्रोटीनमध्ये हे आम्ल बांधलेलं असतं, जिभेला ते लागत नाही. ती खमंग चव बाहेरून आणावी लागते. भाजलेलं सुकं खोबरं, परतून काळपट झालेला कांदा, टोमॅटो, वाळलेली अळंबी, थोडा सोया सॉस.

दुसरी उणीव चरबीची. मटणाचा रस्सा चरबीवर आणि हाडांवर तरतो, इथे दोन्ही नाहीत. म्हणून पांढऱ्या रश्शात सेतान मला कधीच पटलं नाही. त्या रश्शाचा जीव हाडांच्या अळणीत आहे. तांबडा रस्सा, सावजी, मालवणी सुकं यांत मात्र ते छान बसतं, कारण तिथे वाटण आणि तेलाची तर्री काम करतात. तुकडे आधी थोड्या तेलात कडा तांबूस होईपर्यंत परता आणि रश्शात शेवटची दहा मिनिटंच सोडा.

सगळ्यात सोपा आणि हमखास जमणारा पदार्थ खिमा. सेतान हाताने चुरा किंवा मिक्सरला एकदाच फिरवा, मटार घाला, पावाबरोबर खा. मटारमुळे लायसिनही वाढतं.

१३. कुणी सेतान अजिबात खाऊ नये?

सीलिअ‍ॅक असलेल्यांनी आणि गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी, कणभरही नाही. सीलिअ‍ॅकमध्ये ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्तीच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं. सेतान तर निव्वळ ग्लूटेन आहे.

यातले तीन फसवे प्रसंग वाचकांच्या पत्रांत पुन्हा पुन्हा येतात. एक, ‘चिकातून ग्लूटेन निघून गेलं ना, मग कुरडई चालेल?’ नाही. घरी धुतलेल्या चिकात ग्लूटेनचे अंश राहतातच. दोन, खपली. तिच्यातही ग्लूटेन आहे. तीन, सोया चाप. नाव सोयाचं असलं तरी ते बांधायला बहुधा मैदा किंवा ग्लूटेन घातलेलं असतं. हॉटेलात विचारल्याशिवाय खाऊ नका. सेतान जिथे शिजलं त्या कढईत आणि तेलातही सीलिअ‍ॅकवाल्यांचं जेवण करू नका.

आणि सीलिअ‍ॅकची शंका असेल तर तपासणीआधी गहू बंद करू नका. गहू सोडल्यावर रक्ताची तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते.

१४. चपाती खाऊन पोट फुगतं. मग सेतानने आणखी त्रास होईल ना?

आधी सीलिअ‍ॅक नाही याची खात्री करून घ्या (प्रश्न १३). ते नसेल तर उत्तर अनेकांना उलटं वाटेल. पोट फुगण्याचं कारण पुष्कळदा ग्लूटेन नसून गव्हातली फ्रुक्टान ही साखरेची साखळी असते. ती पाण्यात विरघळते आणि धुताना बरीचशी निघून जाते. त्यामुळे काहींना चपाती सोसत नाही पण सेतान सोसतं. रश्शातल्या कांदा-लसणातही फ्रुक्टान असतात, म्हणून पहिल्यांदा हिंग-आल्याच्या फोडणीवर करून बघा.

१५. डायबेटिस आणि किडनीच्या रुग्णांनी खावं का?

डायबेटिसमध्ये हरकत नाही, कारण स्टार्च बहुतेक गेलेला असतो. पण त्याच दिवशी उरलेला चीक दूध-साखर घालून खाल्लात तर धुऊन काढलेलं सगळं परत पोटात गेलं. तो घरातल्या इतरांना द्या. किडनीच्या आजारात प्रोटीनची रोजची मर्यादा ठरलेली असते आणि सेतान ती फार लवकर भरतं. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय सुरू करू नका.

१६. लहान मुलं आणि आजी-आजोबांना द्यावं का?

दाढा नीट आलेल्या, गहू आधीपासून खाणाऱ्या मुलांना द्यायला हरकत नाही, पण तुकडा लहान आणि तंतूंच्या आडवा कापलेला हवा. कवळी असणाऱ्यांना चिवट तुकडा त्रास देतो, घशात अडकूही शकतो. दोघांसाठीही खिमा उत्तम (प्रश्न १२).

१७. उपवासाला, चातुर्मासात, जैन स्वयंपाकात चालेल? आणि ‘मांसासारखं दिसणारं घरात नको’ म्हणतात सासूबाई, त्यांना काय सांगू?

एकादशीला गहू चालत नाही, म्हणून सेतानही नाही. चातुर्मासात कांदा-लसूण वगळून करा, दह्याच्या रश्शात त्यांची उणीव भासत नाही. जैन घरांत आलंही काढा, आणि रात्रभर ठेवलेलं चालत नसेल तर वाफवून त्याच दिवशी संपवा.

सासूबाईंचं म्हणणं मला रास्त वाटतं. मांसाची नक्कल सगळ्यांना आवडावी असा नियम नाही. त्यांच्यासाठी मटणाचा मसाला बाजूला ठेवा, माळव्यासारख्या चौकोनी वड्या कापून दह्यात करा आणि गव्हाच्या वड्यांची भाजी म्हणूनच वाढा. ती तशीच आहे.

१८. किती दिवस टिकतं?

शिजवलेलं सेतान त्याच्याच रश्शात बुडवून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. फ्रीजरमध्ये निथळून, तुकडे करून दोन-तीन महिने, पोत फारसा बिघडत नाही. धुतलेलं कच्चं ग्लूटेन मात्र बाहेर ठेवू नका, आंबतं.

१९. आम्ही परदेशात असतो. इथलं कोणतं पीठ घ्यावं?

अमेरिकेत ‘ब्रेड फ्लोअर’, ब्रिटनमध्ये ‘स्ट्राँग ब्रेड फ्लोअर’, जर्मनीत ५५० क्रमांकाचं गव्हाचं पीठ. ‘सेल्फ-रेझिंग’ घेऊ नका, त्यात बेकिंग पावडर असते. अमेरिका-कॅनडातल्या इंडियन स्टोअरमधल्या पुष्कळशा आट्यांत ड्युरम असतं, म्हणजे आपल्या बन्सीच्या जातीचं, त्याचा गोळा तुटतो (प्रश्न ४). चिनी दुकानातलं डबाबंद ‘मॉक डक’ म्हणजे तळून मुरवलेलं ग्लूटेन. चवीला चांगलं, पण तेल आणि मीठ भरपूर, म्हणून गरम पाण्याने धुऊन घ्या.

२०. गहू खाऊन मला एरवी काही होत नाही. पण सेतान खाऊन व्यायामाला गेलो आणि अंगावर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला. हे काय आहे?

हे गंभीर आहे. गहू आणि व्यायाम एकत्र आले तरच उठणारी एक अ‍ॅलर्जी असते. त्यामागे बहुतेकदा ओमेगा-५ ग्लायडिन हे ग्लूटेनमधलंच एक प्रोटीन असतं. नुसता गहू खाऊन किंवा नुसतं पळून काही होत नाही, म्हणून माणूस वर्षानुवर्षं अंधारात राहतो. अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी आणि दारूने ती भडकू शकते. सेतानमध्ये हे प्रोटीन एकवटलेलं असल्यामुळे दोन चपात्यांना न उठलेली अ‍ॅलर्जी एका वाटी सेतानने उठणं शक्य आहे. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना दाखवा, काय खाल्लं आणि त्यानंतर किती वेळाने व्यायाम केला हे लिहून न्या. निदान होईपर्यंत सेतान पूर्ण बंद ठेवा आणि गव्हाचं काहीही खाल्ल्यावर किमान चार तास व्यायाम टाळा. श्वास घ्यायला त्रास झाला किंवा चक्कर आली तर वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.